टोमॅटोच्या पानावरची लव

चिमे, टोमॅटोचं ते पान जरा चोळ आणि बोटाचा वास घे. उग्र आहे ना? बोटही हिरवट-पिवळं झालं. पानावर बारीक लव दिसते, तिच्यातल्या काही केसांच्या टोकाला चिकट रसाची गाठ असते. पांढरी माशी किंवा मावा त्यावर उतरला की गाठ फुटते आणि त्याचे पाय चिकटतात. म्हणजे खाडीकाठच्या जेसल पार्कमधल्या आपल्या गॅलरीत झाडाने आपल्याला न विचारताच पहारा बसवलाय!

हा पहारा चुकवणारी एक आहे, फळ पोखरणारी अळी. तिची पतंग-आई रात्री येते आणि पानांवर एकेक सुटं अंडं घालून जाते. अळी आधी पान कुरतडते, मग टोमॅटोत तोंड खुपसते. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच.

पण पान कुरतडलं गेलं की झाड गप्प बसत नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स रायन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७२ साली दाखवलं, की एक पान किड्याने खाल्लं तर धक्का न लागलेल्या पानांतही एक प्रथिन तयार होतं. ते पोटात गेलं की किड्याला अन्न पचत नाही. जखमेची बातमी देठातून सगळीकडे जाते! पुढे २०१७ साली तिकडच्याच शास्त्रज्ञांनी टोमॅटोला असं सावध करणारं रसायन फवारलं, तर अळ्यांनी पानं सोडून एकमेकींनाच खायला घेतलं. हसू नकोस, खरं आहे.

आता झाडाची मैत्रीण. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली माशी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अळीऐवजी आठ-दहा दिवसांनी तिथून नवी माशीच बाहेर पडते. शेतकरी अशी अंडी चिकटवलेली कार्डं आणतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी. गंमत अशी, की टोमॅटोची ती चिकट लव या मैत्रिणीलाही अडवते. पहारेकऱ्याला आपला-परका कळत नाही.

आपल्या चार कुंड्यांना कार्ड कशाला? खाडीवरच्या वाऱ्याने एवढीशी माशी उडूनही जायची. शेजारी झेंडू लाव, पतंगाला त्यावर अंडी घालायला आवडतं. संध्याकाळी अळ्या वेच. फारच झाल्या तर निंबोळी अर्क; त्याने अळीला नीट कात टाकता येत नाही. जालीम औषध मात्र नको, त्याने ती माशी आधी मरेल.

आणि पानामागे पिवळसर अंडं दिसलं तर खरवडून टाक. काळं कुळकुळीत असेल तर हात लावू नकोस, त्यात बहुतेक मैत्रीण आहे.