मशीन सगळ्यांचं, कल्पना आपली

नवा उद्योग म्हटलं की आधी भांडवल आठवतं. आमच्या रेणापूरचं पोरगं इथंच अडतं. पण वाळूज बघा. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक वाढले. चाचणीची महागडी यंत्रं प्रत्येकाला कशी परवडणार? म्हणून मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये ती सामायिक ठेवली आहेत. पैसे भरा, भाग तपासून घ्या. शिवाय साचा कुठे फसतो, हे शेजारचा जाणकार सांगतो तो फायदा वेगळाच. नवी कल्पना अशीच पक्की होते. आपले प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र कपाटात धूळ खातात. ज्युनियरांना फसलेले प्रयोगही सांगा की! नाहीतर दरवर्षी तीच चूक, फक्त कव्हर नवं.