बागचा झिजलेला शिंपला

ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हां विद्यार्थ्यांना एकदा धार जिल्ह्यातील बाग येथे नेले होते. लेण्यांसाठी विख्यात असलेल्या या गावाच्या परिसरात क्रिटेशस काळातील सागरी चुनखडक आहेत. तेथे मला बोराएवढा, झिजलेला, कंगोरेदार जीवाश्म सापडला. कंगोरे उठून दिसावेत म्हणून मी ते चाकूने कोरले. सर रागावले नाहीत. ‘‘आता यातले कंगोरे प्राण्याचे कोणते आणि तुझे कोणते?’’ एवढेच त्यांनी विचारले.

तो ब्रॅकिओपॉड होता. नेहमीच्या शिंपल्याची डावी-उजवी पुटे बहुधा एकमेकांची प्रतिबिंबे असतात. ब्रॅकिओपॉडाची दोन पुटे परस्परांहून भिन्न. मात्र प्रत्येक पूट मधोमध दुभागले, तर दोन्ही भाग सारखे भरतात. त्यामुळे मध्यरेषा सापडली, की तुटका तुकडाही बोलू लागतो. खडकाच्या दाबाने नमुना चेपला असेल, तर ही खूण फसवते. म्हणून एकाच नमुन्यावर विसंबू नये.

पुढे चंचू, तेथील देठाचे छिद्र आणि पुटांची कड पाहावी. रिंकोनेलिड गटात बहुधा ठळक कंगोरे व नागमोडी कड असते. टेरेब्राट्युलिड पुष्कळदा गुळगुळीत असून त्यांच्या कवचातील सूक्ष्म रंध्रे भिंगातून दिसतात. कवच नष्ट होऊन आतला साचाच उरला, तर कंगोरे पुसट होतात आणि आतील उभा पडदा फटीच्या रूपाने उमटतो. तेव्हा जे दिसत नाही, ते नव्हतेच असे म्हणू नये. अखेरचा उपाय म्हणजे नमुना थोडा थोडा घासून प्रत्येक छेदाचे चित्र काढणे. यात नमुनाच संपतो. म्हणून छायाचित्र व प्लास्टरचा ठसा आधी घ्यावा.

याच बागच्या थरांतील रिंकोनेलिडांचा अभ्यास करून जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३८ साली ‘मालविऱ्हिंकिया’ ही प्रजाती स्थापिली. आपल्या माळव्याचे नाव असे जीवाश्मशास्त्रात गेले. माझा नमुना त्या प्रजातीचा असेलही; पण तसे सांगणारा पुरावा मीच खरवडून टाकला होता.

पुढे हस्तलिखितांच्या संपादनात कीड लागलेली अक्षरे समोर आली, की सरांचा प्रश्न आठवे. गळलेले अक्षर संपादक कंसात देतो. जीवाश्मतज्ज्ञ नावात ‘तुलनीय’ किंवा ‘जाती अनिश्चित’ अशी खूण करतो. दोघांचाही धर्म एकच : मूळ कोणते व आपला तर्क कोणता, हे वाचकाला वेगळे दिसले पाहिजे.

माझ्या दगडासोबत सरांनी चिठ्ठी ठेवली होती : ‘रिंकोनेलिड; जाती अनिश्चित; कंगोरे विद्यार्थ्याने कोरलेले.’ पांडित्याचा पहिला धडा मला त्या तीन नोंदींत मिळाला.