बादलीभर गरम पाण्याचा हिशेब

डिसेंबरचं लाइट बिल आलं आणि आमच्या फ्लॅटमध्ये महायुद्ध पेटलं. चार पोरं, एक गिझर. नोव्हेंबरला 95 युनिट होते, ते थेट 190. पैसे मात्र दुपटीहून जास्त वाढले. असं कसं?

बिल उलटं करून वाचलं तेव्हा कळलं. महावितरणचे पहिले 100 युनिट स्वस्त, तिथून 300 पर्यंतचे जवळपास दुप्पट दराचे. वहन आकार धरून साधारण सहा रुपये आणि अकरा रुपये, वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे आमचा गिझर जवळजवळ अख्खा महागड्या स्लॅबमध्ये तापत होता! वाढीव खर्च बाराशेच्या आसपास.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजला आजीकडे गेलो होतो. तिच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, पण मामा आता त्यात लाकडाऐवजी पेलेट टाकतो. पेलेट म्हणजे उसाचं चिपाड, भुसा असलं काहीबाही दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. त्याला किलोला दहा रुपये पडतात. डोक्यात लगेच किडा वळवळला.

अकरावीचं फिजिक्स काढलं. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 42 वर न्यायला लागते साधारण अर्धा युनिट उष्णता. गिझर असो वा रॉड, हे चुकत नाही. (रॉड स्वस्त पडतो ही हॉस्टेलची अंधश्रद्धा आहे. 1500 वॉटचा रॉड त्या बादलीला वीस मिनिटं घेतो, झाला अर्धा युनिट.) महागड्या स्लॅबमध्ये बादली सव्वासहा-साडेसहा रुपयांना. किलोभर पेलेटमध्ये असते चारेक युनिट उष्णता. निम्मी धुराड्यातून गेली असं धरलं तरी पाव किलोत बादली, म्हणजे अडीच रुपये. महिन्याच्या 120 बादल्यांना 300 रुपये.

मी विजयी मुद्रेनं आजीला म्हटलं, ‘‘आजी, बंब पुण्याला नेतो.’’

‘‘ने की. साडेपाचला उठून पेटवणार कोण? राख काढणार कोण? आणि ठेवणार कुठं, न्हाणीत?’’

तिसरा प्रश्न गंभीर होता. तिचा बंब परसात, उघड्यावर आहे. बंद बाथरूममध्ये काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गॅस गिझरलाही हेच लागू, त्यामुळे भाड्याची खोली बघताना बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला तर खिडकी, एक्झॉस्ट आधी बघा, भाडं नंतर. शिवाय पेलेटला ओल लागली की फुगून भुगा. आमच्या बाल्कनीत पावसाळ्यात ते पोतं टिकणार नाही. एकूण चौघांत प्रत्येकी शंभर-सव्वाशे वाचवायला हा उद्योग? नको.

पण हिशेबातून दुसरंच काहीतरी निघालं. 120 बादल्या म्हणजे 60 युनिट. आमचे वाढले 95. मग वरचे 35 कुणाचे? थोडे शॉवरचे, त्यावरून पार्टनरला भरपूर बोलून झालं होतं. उरलेले... सकाळी सगळ्यात शेवटी आंघोळ माझी असते, आणि बटण चालू ठेवून कॉलेजला पळणाराही मीच. टाकी दिवसभर थंड होते, गिझर दिवसभर परत तापवतो.

पार्टनरला सॉरी म्हणालो. जानेवारीत एकामागोमाग आंघोळी, शॉवर बंद, आणि बटणावर माझ्या नावाची चिठ्ठी.