कुशीतली कळ

किडनी देणारी आई धडधाकट असते. स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येते आणि मुलासाठी कुशीतली कळ पत्करते. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. ही कळ कमीत कमी करणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

किडनी पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असते. उघड्या शस्त्रक्रियेत बाराव्या बरगडीच्या आसपास स्नायूंचे थर कापावे लागतात. दुर्बिणीतून केली तरी अखंड किडनी बाहेर काढायला एक मोठा छेद लागतोच. बरगडीजवळची जखम श्वासागणिक हलते. दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते.

औषधांचीही अडचण असते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा घटू शकतो. उरलेल्या एकाच किडनीला ही जोखीम कशाला? मॉर्फिनने मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ होतो.

म्हणून भूलतज्ज्ञ वेदनेची वाटच अडवतात. मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'इरेक्टर स्पायनी ब्लॉक' मांडला. इरेक्टर स्पायनी म्हणजे कण्याला लागून वरपासून खालपर्यंत गेलेला स्नायू. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याच्याखाली मणक्याच्या हाडाची पांढरी रेघ दिसते. सुई त्या रेघेला टेकवून थोडे सलाईन सोडले की स्नायू हाडावरून अलगद उचलला जातो. हे दृश्य बघण्यासारखे असते. जागा बरोबर असल्याची तीच खूण. मग साधारण २० मिलिलिटर रोपिव्हाकेन किंवा बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध सोडतात. औषध वर-खाली काही मणके पसरते, नसांमधली सोडियमची दारे बंद करते आणि निरोप मेंदूकडे जातच नाही. सुई मज्जारज्जूपासून लांब राहते, हा मोठा दिलासा.

मात्र हा ब्लॉक सगळे दुखणे घेत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल डिवचले जाते आणि खांदा दुखतो. श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून ती या ब्लॉकमधून सुटते. औषध रक्तात जास्त गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मात्रा वजनावर ठरते आणि उतारा म्हणून २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन हाताशी ठेवतात.

शिवाय एका इंजेक्शनचा असर काही तासांचाच. तो ओसरण्याआधी पॅरासिटामॉल सुरू झालेले हवे. नाहीतर मध्यरात्री बधिरपणा उतरतो, आणि दुखायचेच म्हणून ती आई कुणाला हाकही मारत नाही.