राखीव सर्व्हर असूनही दूरध्वनी मुका का होतो?

अमेरिकेत ९ एप्रिल २०१४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास सात राज्यांच्या अनेक भागांत ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर कॉल लागेनासे झाले. वादळ आले नव्हते, केबल तुटली नव्हती, वीजही गेली नव्हती. तरीही ही स्थिती काही ठिकाणी सहा तासांपर्यंत टिकली आणि ६,६०० हून अधिक कॉल मदत केंद्रांपर्यंत पोहोचलेच नाहीत. विशेष म्हणजे, अशाच प्रसंगासाठी उभारलेले दुसरे केंद्र त्या वेळी सुस्थितीत होते.

इंट्राडो या कंपनीच्या कोलोरॅडो राज्यातील एंगलवूड येथील केंद्रातून हे कॉल त्या त्या भागातील मदत केंद्रांकडे वळविले जात. तेथील सॉफ्टवेअर प्रत्येक कॉलला एक क्रमांक देत असे. या क्रमांकांना घातलेली कमाल मर्यादा त्या रात्री गाठली गेली आणि नव्या कॉलना क्रमांक मिळेनासा झाला. यंत्रे मात्र चालूच होती. बिघाडाची सूचना निघाली, पण ती किरकोळ दर्जाची म्हणून नोंदली गेली. परिणामी मायामी येथील दुसऱ्या केंद्राकडे काम आपोआप गेले नाही. अभियंत्यांनी दोष हेरून कॉल तिकडे वळविल्यानंतरच सेवा सुरळीत झाली. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या चौकशीनुसार ८१ मदत केंद्रे आणि १ कोटी १० लाखांहून अधिक लोक या बिघाडाच्या छायेत आले होते.

दूरध्वनी सेवा तांब्याच्या तारांवरून इंटरनेटवर येत असताना या घटनेला वेगळे महत्त्व आहे. कार्यालये, रुग्णालये आणि बँकांची ग्राहक सेवा केंद्रे आता मोठ्या प्रमाणावर सर्व्हरवर चालणाऱ्या दूरध्वनीवर विसंबून आहेत. सेवा ९९.९ टक्के वेळ उपलब्ध असल्याचे आश्वासन ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात त्यात वर्षाला पावणेनऊ तासांच्या खंडाला मुभा असते. ९९.९९९ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवल्यास हा अवधी सव्वापाच मिनिटांवर येतो. माणूस जागा होऊन, संगणक उघडून, दोष शोधेपर्यंतच एवढा वेळ निघून जातो. म्हणून एक सर्व्हर बंद पडताच दुसऱ्याने आपोआप त्याची जागा घेण्याची, म्हणजेच ‘फेलओव्हर’ची व्यवस्था करावी लागते.

तिचे सर्वपरिचित रूप साधे आहे. दोन सर्व्हर एकच सामाईक इंटरनेट पत्ता वापरतात. तो पत्ता एका वेळी एकाकडेच असतो. दुसरा पहिल्याकडून ठरावीक अंतराने येणाऱ्या ‘मी चालू आहे’ या संदेशाची वाट पाहतो. संदेश थांबले की तो पत्ता स्वतःकडे घेतो. फोन जुन्याच पत्त्यावर बोलत राहतात.

मात्र संदेश थांबला म्हणजे सर्व्हर बंद पडला असे नव्हे. दोघांमधील दुवाच तुटला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात. काही फोन एकाकडे, काही दुसऱ्याकडे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, असा घोळ होतो. त्यामुळे गंभीर व्यवस्थांत तिसरा साक्षीदार ठेवतात. बहुमत ज्याच्या बाजूने, तोच मुख्य. एंगलवूडचा दोष याच्या उलट जातीचा, आणि अधिक फसवा. तेथे यंत्र जिवंत होते, पण काम करीत नव्हते. यंत्र चालू आहे का, एवढीच चौकशी करणाऱ्या पहारेकऱ्याला असा दोष दिसत नाही. खात्रीचा मार्ग एकच: चाचणीचा खरा कॉल वारंवार लावून पाहावा आणि तो न लागल्यास तीच सर्वोच्च दर्जाची सूचना मानावी.

दुसरी अडचण स्मरणाची. इंटरनेट टेलिफोनीत बहुतांशी वापरल्या जाणाऱ्या एसआयपी या संकेतप्रणालीत प्रत्येक फोन आपण कोठे आहोत, हे सर्व्हरकडे नोंदवितो. ही नोंद अनेक ठिकाणी तासाभराची असते. ती राखीव सर्व्हरकडे पोहोचलेली नसेल, तर बदल झाल्यावर विचित्र स्थिती उद्भवते: फोनवरून बाहेर कॉल लागतो, पण बाहेरून आलेला कॉल वाजत नाही. वापरणाऱ्याला बराच काळ काही बिघडल्याचे कळतही नाही. यासाठी नोंदी दोन्ही सर्व्हरना सामाईक ठेवाव्या लागतात किंवा त्यांची मुदत कमी करावी लागते. मुदत फार कमी केल्यास हजारो फोन सतत नोंदणी करून सर्व्हरला दमवितात, हेही खरे.

सुरू असलेल्या संभाषणाचे काय, हे आवाज कोठून जातो यावर ठरते. आवाज दोन फोनमध्ये थेट जात असेल, तर कॉल जोडून देणारा सर्व्हर बंद पडला तरी बोलणे सुरू राहू शकते. ध्वनिमुद्रण किंवा अनेकांची एकत्र बैठक यांसाठी आवाज सर्व्हरमधून नेला जात असेल, तर त्याच्याबरोबर कॉलही तुटतो. नव्या कॉलसाठी एसआयपीच्या मानक रचनेत उत्तराची वाट ३२ सेकंदांपर्यंत पाहिली जाते. आग लागलेल्या घरातील माणूस तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून दुसऱ्या सर्व्हरकडे वळण्याची ही मर्यादा काही सेकंदांवर आणणे आवश्यक ठरते.

दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत असतील, तर आग, पूर किंवा वीजखंडापुढे दोघांचीही गत एकच. महाराष्ट्रात ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी नवी मुंबईत महापे येथे मुख्य आणि नागपूर येथे दुय्यम केंद्र आहे, त्यामागे हाच विचार दिसतो. मात्र शहरे दूर असली की सामाईक पत्त्याची सोपी युक्ती सहसा चालत नाही. तेव्हा कॉल कोणत्या केंद्राकडे वळवायचा, हे दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात किंवा फोनला दिलेल्या पर्यायी पत्त्यांच्या क्रमवार यादीतून ठरवावे लागते.

मूळ सर्व्हर दुरुस्त होताच कामकाज त्याच्याकडे आपोआप परत द्यावे का, याविषयी अनुभवी अभियंते सावध असतात. दोष अर्धवट राहिला असेल, तर पत्ता दोघांत झोके घेत राहतो आणि प्रत्येक झोक्याला काही कॉल तुटतात. त्यामुळे जाणे स्वयंचलित, परतणे मात्र माणसाच्या हाती आणि शक्यतो कमी वर्दळीच्या वेळी, अशी पद्धत अनेक ठिकाणी पाळली जाते.