९११ ला फोन केला की कोण येते?

मुलांनो, मागच्या शनिवारी मोठ्या वर्गातल्या एकीने विचारले, "डिफंड द पोलीस याला मराठीत काय म्हणायचे?" मला पटकन सांगता आले नाही. 'पोलिसांचे पैसे बंद' म्हटले तर अर्धाच अर्थ कळतो.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर ही घोषणा देशभर ऐकू आली. काहींना पोलीस खातेच नको होते. पण पुष्कळांची मागणी एवढीच होती, की शहराच्या अंदाजपत्रकातला (म्हणजे वर्षाच्या खर्चाचा आधी मांडलेला हिशेब) पोलिसांचा काही वाटा समाजसेवेकडे वळवा. कोणी रस्त्यात एकटेच बडबडते आहे, कोणी थंडीत कुडकुडते आहे, तिथे बंदूक घेऊन कशाला जायचे?

याचा आपल्याशी काय संबंध? फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन येथे, मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले. अनोळखी माणूस दिसतो म्हणून कोणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले; मणक्याला इजा होऊन शरीराचा काही भाग लुळा पडला. आपल्याकडेही दर उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, आणि फिरायला जातातच.

ऑरेगनमधल्या यूजीन शहरात १९८९ पासून 'काहूट्स' नावाची सेवा होती. एका व्हॅनमध्ये दोघे असत. एकाला औषधोपचाराची माहिती, दुसऱ्याला घाबरलेल्या माणसाशी बोलण्याची सवय. हत्यार कोणाकडेच नाही. चालवणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने २०१९ साली सुमारे २४,००० फोन आले आणि फक्त ३११ वेळा पोलिसांना मदतीला बोलवावे लागले. खर्च वर्षाला सुमारे २१ लाख डॉलर. यूजीन आणि शेजारच्या स्प्रिंगफील्डच्या पोलिसांचा मिळून ९ कोटी! (पोलिसांचे म्हणणे असे, की यातल्या बऱ्याच फोनांना ते एरवीही गेले नसते. तेही खरे असावे.) डेन्व्हरने जून २०२० मध्ये असेच पथक सुरू केले. ते जिथे फिरले तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना आढळले.

मोठ्या आकड्यांची कथा मात्र वेगळी. ऑस्टिनने ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांच्या सुमारे ४३ कोटी डॉलरपैकी १५ कोटी वळवायचे ठरवले. प्रत्यक्षात लगेच कापले जेमतेम २ कोटी. बाकीच्यात बराच भाग प्रयोगशाळेसारखी कामे पोलीस खात्यातून काढून वेगळी दाखवण्याचा होता. माझी आई याला या डब्यातली डाळ त्या डब्यात म्हणेल. पुढच्याच वर्षी टेक्सासने अशा कपातीविरुद्ध कायदा केला आणि पैसे परत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द मिनियापोलिसच्या मतदारांनीही पोलीस खात्याच्या जागी नवे खाते आणायला नकार दिला.

आणि यूजीनची व्हॅन? पैशांची जुळवाजुळव न झाल्याने एप्रिल २०२५ मध्ये तिथली सेवा थांबली. घोषणेच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले काम, म्हणून याचे मला जास्त वाईट वाटते.

पालकांसाठी: मनाने खचलेल्या माणसासाठी जुलै २०२२ पासून ९८८ हा वेगळा नंबर आहे. ९११ लाच फोन करावा लागला, तर माणूस आजारी आहे आणि हातात हत्यार नाही, हे आधी सांगा. दुसरे पथक पाठवता येईल का तेही विचारा. आणि आजोबांच्या खिशात घरचा पत्ता इंग्रजीत लिहून ठेवा.