ऊन दारात, पण अंगावर कुठे?

मुलांनो, एक कोडं सांगते. नळाला भरपूर पाणी आहे, तरी हंडा रिकामाच. का बरं? अहो, हंडा नळाखाली ठेवलाच नाही! आपलं आणि उन्हाचं नेमकं असंच झालंय.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी कवायत सुरू झाली की खाली बसायची. "बाई, पाय दुखतात." मला वाटलं, कवायत चुकवायचा बहाणा! दोनदा रागावलेसुद्धा. पुढे डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, तर 'ड' जीवनसत्त्व फारच कमी. मला माझीच लाज वाटली.

तिचा दिवस कसा जायचा? रिक्षातून शाळा, मग शिकवणी, मग घरी टीव्ही आणि मोबाइल. ऊन फक्त खिडकीबाहेर!

आपल्या त्वचेत एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, की 'ड' जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. मग ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करतं. ते नसेल तर प्यालेल्या दुधातलं बरंचसं कॅल्शियम वायाच जातं. लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकतात. त्याला म्हणतात मुडदूस.

भारतात 2016 ते 2018 मध्ये मोठी पोषण पाहणी झाली. त्यात 10 ते 19 वर्षांच्या शंभरातल्या 24 मुलामुलींमध्ये 'ड'ची कमतरता आढळली. एवढ्या उन्हाच्या देशात!

आता एक गंमत. हे किरण काचेतून येत नाहीत, म्हणून बंद खिडकीतलं ऊन इथे कामाचं नाही. आणि सकाळचं कोवळं ऊन सुखाचं खरं, पण त्यात हे किरण फार कमी. मग ओळखायचं कसं? मैदानात उभे राहा आणि आपली सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर समजा, कारखाना जोरात चालू! सावळ्या त्वचेला मात्र थोडा जास्त वेळ लागतो, कारण तिचा रंग किरण अडवतो.

म्हणून मधल्या सुट्टीत डबा खाऊन बाहेर पळा. हातपाय उघडे असू द्या. पण एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात नको हं! तेव्हा थोडाच वेळ, आणि पाणी पिऊनच.

पालकांनो, अंड्याचा बलक आणि बांगडा-तारलीसारखे मासे यांतही 'ड' असतं. काही दुधात आणि तेलात ते मिसळलेलं असतं. पिशवीवर '+एफ' ही खूण बघा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या. जास्त झाल्या तर अपाय होतो.

ती मुलगी? औषध घेतलं, खेळू लागली. परवा लंगडीत तिनं मलाच बाद केलं!